अवघड ठेवा, पण गोष्ट अर्धी देऊ नका

4 सप्टेंबर 2025 ला ‘होलो नाइट’ या गेमचा पुढचा भाग ‘सिल्कसाँग’ आली. 2019 ला घोषणा झालेली गेम, लोक इतकी वर्षं वाट बघत बसलेले, पहिल्याच दिवशी स्टीमसकट गेम विकणारी मोठमोठी ऑनलाइन दुकानं आडवी झाली आणि मग आठवड्याच्या आत जे भांडण सुरू झालं ते अजून थांबलेलं नाही. एक पार्टी म्हणते गेम फार अवघड आहे, हरलं की बॉसकडे (म्हणजे टप्प्यावरच्या मोठ्या शत्रूकडे) परत जायला इतकं लांब पळायला लावतात, एका फटक्यात दोन-दोन मास्क (म्हणजे जीव) जातात, हे बरोबर नाही. दुसरी पार्टी म्हणते स्किल इश्यू, गिट गुड, म्हणजे दोष तुझ्या हातात आहे, आधी नीट शिक, जमत नसेल तर दुसरी गेम खेळ. गेम बनवणाऱ्या टीम चेरीने पहिल्याच पॅचमध्ये (दुरुस्तीत) सुरुवातीचे दोन बॉस थोडे नरम केले तर त्यावरही रणकंदन. मला या भांडणात दोन्हीकडून काहीच पटत नाही, कारण अवघडपणा हा मुद्दाच नाहीये. अवघड गेम असाव्यात, भरपूर असाव्यात, सोप्या करायची काही गरज नाही. माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे आणि त्याबद्दल या सगळ्या गदारोळात कुणी फारसं बोलत नाही. गेममध्ये ज्याला ऐच्छिक म्हणतात, म्हणजे केलं तर केलं नाही तर नाही, अशा कामाच्या मागे गोष्टीचा गाभा लपवून ठेवायचा हा जो प्रकार आहे तो चुकीचा आहे. रस्ता कितीही खडतर असू द्या, पण गोष्ट रस्त्यावर पाहिजे.

सिल्कसाँगचंच बघा. तिचा तिसरा अंक आहे, आणि तो नुसता बोनस नाही, पहिल्या दोन अंकांत जे काही घडलं त्याचा अर्थ तिथे लागतो (काय ते सांगत नाही, अजून खेळणारे खूप आहेत). पण गावोगावच्या लोकांच्या पुरेशा ‘विश’ (म्हणजे त्यांनी सांगितलेली कामं) पुऱ्या केल्या नाहीत तर ‘सिल्क अँड सोल’ नावाची विश तुम्हाला मिळतच नाही, आणि ती नसेल तर दुसऱ्या अंकाच्या शेवटी बॉस मारला की क्रेडिट्स पडतात आणि खेळ खल्लास. या विश म्हणजे काय, तर कुणाला बेऱ्या आणून दे, कुणाच्या हरवलेल्या पिसवा शोध, कुणाला अमुक किड्यांचे तमुक अवशेष हवेत. काही फार गोड आहेत, मी मनापासून केल्या. पण फलकावर लावलेलं काम बघून कुठल्याही शहाण्या खेळाडूला वाटणार की हे साइडचं आहे, वेळ मिळाला तर बघू. गेमनेच त्याला तसं समजायला शिकवलं आणि मग गेमनेच त्याबद्दल एक तृतीयांश गोष्ट कापून घेतली. यात अवघडपणाचा संबंध कुठे आला? बेऱ्या वेचायला काय अवघड आहे? एकच वस्तू एकाच वेळी ऐच्छिक आणि अत्यावश्यक असू शकत नाही, इतकं साधं आहे हे. ती ऐच्छिक असेल तर सोडणाऱ्याचं काही मोलाचं बुडता कामा नये, आणि अत्यावश्यक असेल तर ती तशी आहे हे त्याला कळलं पाहिजे.

आता समोरच्यांचे मुद्दे. त्यातले काही खरोखर चांगले आहेत, गिट गुडवाल्यांच्या आरडाओरड्यात ते नीट मांडलेच जात नाहीत म्हणून मीच मांडतो. पहिला मुद्दा असा की गेममध्ये गुपितं असण्यात मजा असते. 1997 ची ‘कॅसलव्हेनिया: सिंफनी ऑफ द नाइट’ घ्या. त्यात रिश्टर नावाच्या एका भल्या माणसाशी लढाई होते, तुम्ही त्याला मारता, शेवट होतो, झालं असं वाटतं. पण ज्याने आधी किल्ल्यात हिंडताना ‘होली ग्लासेस’ (एक चष्मा) मिळवलेत आणि तो लढताना ते घालतो त्याला रिश्टरच्या अवतीभवती फिरणारा एक गोळा दिसतो, तो गोळा फोडला की कळतं की रिश्टर कुणाच्या तरी ताब्यात होता, आणि मग अख्खा किल्ला उलटा होऊन परत उभा राहतो, म्हणजे जवळपास दुसरा एक गेम. ज्यांनी ते त्या काळी पहिल्यांदा पाहिलं त्यांना काय वाटलं असेल! ही मजा काढून टाकायची का? माझं उत्तर आहे, अजिबात नाही. पण ती गेम तुमच्याकडून काय मागते ते नीट बघा. ती लक्ष मागते. भला माणूस असा विचित्र का वागतोय याचा संशय तुम्हाला यावा असं तिला वाटतं, आणि तो संशय हाच गोष्टीचा भाग आहे. शिवाय गुपित एकदा कळलं की ते सांगता येतं. वर्गातला एक पोरगा दुसऱ्याला सांगतो, अरे चष्मा घालून जा, आणि दुसऱ्याचाही किल्ला उलटा होतो. आता मला सांगा, दोनशे त्रेचाळीस आव्हानं कशी सांगायची?

हो, 243. ‘बॅटमन: आर्कम नाइट’, 2015. त्या गेमची मुख्य गोष्ट संपल्यावर नाइटफॉल प्रोटोकॉल म्हणून एक शेवट आहे, तो ठराविक ‘मोस्ट वाँटेड’ मिशन केल्या की सुरू होतो पण अर्धाच दिसतो. पूर्ण बघायचा तर सगळंच पूर्ण पाहिजे, आणि त्या सगळ्यात रिडलर नावाच्या खलनायकाची 243 आव्हानं आली, त्यातल्या बहुतेक ट्रॉफ्या. बॅटमन जगला की मेला, ती गल्लीतली शेवटची आकृती कोण, या सगळ्या मालिकेचा निरोप कसा झाला, तो सीन या ट्रॉफ्यांच्या पलीकडे. आणि या ट्रॉफ्या म्हणजे काय, तर छतावर चढून बटण दाब, बॅटमोबिलने भिंतीवरून गाडी चालव, चेंडू ढकल, लुकलुकणाऱ्या रिडलरच्या माणसांना धरून नकाशावर खुणा उमटव. कोडी म्हणून काही खरंच छान आहेत, विसावी पण छान असते, पण दीडशेवी? गॉथम धगधगतंय, स्केअरक्रो या खलनायकाने शहर रिकामं करायला लावलंय, आणि आपण वटवाघळाचा पोशाख घालून प्रश्नचिन्हं वेचतोय. गुपितातली मजा इथे कुठे राहिली? हे गुपितच नाहीये, नकाशावर दिसतंय, मेनूत आकडा लिहिलाय. ही हजेरी आहे.

म्हणून गुपित आणि परीक्षा यांत फरक करायला पाहिजे, आणि परीक्षा आणि हजेरी यांतही. समोरच्यांचा ‘गुपितं हवीत’ हा मुद्दा गुपितांना लागू पडतो. तो पुढे करून हजेरीचं समर्थन केलं जातं ही खरी गफलत आहे.

दुसरा मुद्दा जास्त वजनदार आहे, तो म्हणजे कष्टाने मिळालेल्या गोष्टीला अर्थ येतो. यासाठी सगळे पहिल्या होलो नाइटमधल्या ‘पाथ ऑफ पेन’चं नाव घेतात आणि बरोबर घेतात. ज्यांनी खेळली नाही त्यांच्यासाठी सांगतो. गेमच्या उत्तरार्धात व्हाइट पॅलेस नावाचा पांढराशुभ्र राजवाडा येतो, भिंतीभिंतीला फिरणाऱ्या करवती, काटे, त्यांच्यामधून उड्या मारत जायचं. त्याच राजवाड्यात एक खोटी भिंत आहे, ती फोडली की आत दुसरा रस्ता, आणि तो रस्ता म्हणजे छळ. करवतीच्या वर टेकायला जागा नाही म्हणून खिळ्याने (हेच आपलं हत्यार) तिच्यावरच खाली वार करायचा, त्या धक्क्याने वर उडायचं, हवेतच डॅश मारून समोरच्या भिंतीला चिकटायचं, भिंत अर्धीच काट्यांनी भरलेली, घसरायच्या आत पुन्हा उडी, आणि हे सगळं एका दमात, चुकलात की मागच्या कट्ट्यावर. शेवटी दोन पहारेकरी, ते पडले की काही सेकंदांचं एक दृश्य. राजा सज्जावर उभा आहे, मागे त्याचं ते पोर, ज्याला त्याने मनच नसलेलं पात्र, म्हणजे राज्यातला रोग कोंडून ठेवायचं भांडं, म्हणून घडवलं, आणि दोघं एकमेकांकडे बघतात. एक शब्द नाही. पण त्या बघण्यातून तुम्हाला कळतं की पोराला मन होतं, बापाचा लळा होता, आणि म्हणूनच ज्या कामासाठी त्याला घडवलं ते काम फसणार होतं. या दृश्याआधी तुम्ही स्वतः एक निर्विकार पात्र बनून त्या करवतींतून गेलेले असता. हे व्हिडिओत बघून तसं लागत नाही, हे मला मान्य आहे, आणि हा विरोधकांचा सगळ्यात ताकदीचा पुरावा आहे हेही मान्य आहे.

पण हा पुरावा नेमका कशाचा आहे? पाथ ऑफ पेन चालतं कारण ते न करणाऱ्याचं काही तुटत नाही. राजाची योजना ‘मनात रुजलेल्या एका कल्पनेमुळे’ फसली याचे इशारे गेममध्ये दुसरीकडे आहेत, लक्ष देऊन संवाद वाचणारा तिथवर पोचतो, पाथ ऑफ पेन फक्त त्याच्या तर्काला डोळ्यासमोर उभं करतं. टीम चेरीने त्याला साधी अचिव्हमेंटसुद्धा ठेवली नाही. म्हणजे ती एक भेट आहे. आता त्याच गेममधली दुसरी गोष्ट बघा. ज्या रोगाने ते अख्खं राज्य खाल्लं, ज्याच्यासाठी हे सगळे बळी गेले, त्या रोगाच्या मुळाशी कोण आहे? रेडियन्स. आणि तिच्यापर्यंत न पोचताच गेम पूर्ण करता येते. शेवटचा बॉस मारायचा, क्रेडिट्स बघायचे, आणि उठायचं. खरा शत्रू समोर यायला स्वप्नांतलं 1800 एसेन्स गोळा करून ड्रीम नेल नावाचं हत्यार जागं करावं लागतं, मग त्याच्या जोरावर व्हाइट पॅलेसमध्ये शिरायचं, तो पार करायचा, राजाकडचा अर्धा तुकडा आणायचा, राणीकडचा अर्धा आणायचा, ते जोडून पुन्हा सगळ्यात खोल अंधारात उतरायचं. यातला राजा-राणीचा शोध गोष्टीतलाच आहे, त्याला मी नाव ठेवत नाही. पण ज्या गेमने तोवर मुख्यतः लढायला आणि हिंडायला शिकवलं तिने अचानक निव्वळ उड्यांच्या परीक्षेत बसवायचं आणि नापासांना शत्रू कोण होता तेच सांगायचं नाही, याला काय कारण? आणि 2018 च्या ‘गॉडमास्टर’ या जोडभागाने तर कळस केला. शेवटचं पँथियन, 42 बॉस ओळीने, बेचाळिसावी ती रेडियन्सच पण आणखी भयानक रूपात, तिथे हरलात की पहिल्यापासून. त्याच्या मागे गेमचा आणखी एक शेवट, तोही साधासुधा नाही, सगळ्या गोष्टीचं वळण बदलणारा. पाथ ऑफ पेनमध्ये कष्ट आणि दृश्य एकमेकांना उत्तर देतात. इथे बेचाळीस लढाया का, तर एकेचाळीस पुरेशा वाटल्या नाहीत म्हणून, याहून वेगळं कारण मला तरी दिसत नाही.

कष्टाने अर्थ येतो हे खरं, पण कुठल्याही कष्टाने कुठलाही अर्थ येत नाही. ‘सेकिरो’ या गेममध्ये जो घाम निघतो तो मुख्य रस्त्यावर निघतो. प्रत्येकाला तोच गेनिचिरो नावाचा बॉस आडवा येतो, कुणी तिथेच सोडतो, कुणी महिनाभर झगडतो, पण जो सोडतो त्याला माहीत असतं की आपण मध्येच सोडलंय. त्याची कुणी फसवणूक केलेली नसते. म्हणूनच मी म्हणतो सेकिरोला इझी मोड द्या-नका देऊ, तो वेगळा वाद आहे, माझी तिच्याबद्दल तक्रार नाही.

फसवणूक हा शब्द जड वाटेल पण मी विचार करून वापरलाय. माझी एक मामेबहीण आहे, नोकरी आहे, लहान पोर आहे, पोर झोपलं की कानात हेडफोन घालून रात्री थोडं थोडं खेळते. गोष्टींची जबरदस्त आवड, पात्रांची नावं, त्यांच्या आया, त्यांचे जुने हिशोब सगळं पाठ. एकदा अशीच एक मोठी गेम तिने कित्येक महिने पुरवून पुरवून खेळली, क्रेडिट्स पडले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच मला फोन, अरे दादा संपली रे, काय शेवट केलाय, रडले मी. आणि ती बोलत गेली तसं माझ्या लक्षात आलं की हिने ज्याला खलनायक धरलंय तो खलनायक नाहीये. ते जिथे उलगडतं तो भाग एका वेळेची मर्यादा असलेल्या आखाड्याच्या मागे होता, तिथे तिने एकदा डोकावलं, कंटाळली, ‘ऐच्छिक’ लिहिलं होतं म्हणून निघून आली. आता मी काय सांगायचं तिला? की तू ज्यावर रडलीस ते अर्धसत्य होतं? मी काही बोललो नाही. पण तेव्हापासून कुणी ‘ज्यांना गोष्ट हवी ते कष्ट घेतीलच’ म्हणालं की मला तो फोन आठवतो. तिने कष्टच घेतले होते, आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त लक्ष देऊन ती गोष्ट ऐकत होती. तिला फक्त माहीत नव्हतं की गोष्ट अजून शिल्लक आहे.

आणि इथे ‘किंगडम हार्ट्स’ या गेम-मालिकेचा विषय निघालाच पाहिजे, कारण हा लपवायचा प्रकार त्यांच्याइतका सातत्याने कुणी केलेला नाही. 2002 च्या पहिल्या भागात गुप्त व्हिडिओ बघायला 99 डाल्मेशियन पिल्लं शोधा, सगळ्या दुनियांची कुलुपं लावा, हेडीजचा कप जिंका. 2019 च्या तिसऱ्या भागात मिकीच्या तोंडाच्या आकाराच्या खुणा, त्यांचे फोनने फोटो काढायचे, एकूण 90. प्राउड म्हणजे अवघड पातळीवर खेळलात तर 30 फोटोंत काम होतं, स्टँडर्डला 60, आणि बिगिनर घेतलंत तर सगळेच्या सगळे 90. म्हणजे जो सांगतोय की बाबा मला मारामारी फार जमत नाही, मी गोष्टीसाठी आलोय, त्यालाच गोष्टीसाठी तिप्पट राबवायचं! आणि त्या व्हिडिओत काय, तर मालिका पुढे कुठे जाणार त्याची सगळी बीजं. याला बक्षीस म्हणायचं का? मला तर ही शिक्षा वाटते, सोपं निवडल्याची शिक्षा. आणि ती काही नवीन नाही. 1994 च्या ‘स्ट्रीट्स ऑफ रेज 3’ची अमेरिकन आवृत्ती इझीवर लावली तर पाचव्या राउंडलाच संपायची, खरा शत्रू पुढेच राहिला. त्याच्याही आधी 1985 च्या ‘घोस्ट्स अँड गॉब्लिन्स’मध्ये जीव काढून शेवटापर्यंत जावं तर गेम म्हणते हा भास होता, सैतानाचा सापळा होता, जा, सगळं पुन्हा खेळ.

त्या जुन्या गेमचं मी समजू शकतो. आर्केडचं मशिन होतं, प्रत्येक मरणाला एक नाणं पडायचं, मालकाचा गल्ला त्यावर भरायचा, तर शेवट लांबवण्यात उघड धंदा होता. घरी कॅसेटवर आल्यावर अमेरिकेत गेम भाड्याने मिळायच्या, शनिवार-रविवारात पोराने संपवली तर विकत कोण घेणार, म्हणून त्या बाजारासाठी काही गेम मुद्दाम कडक केल्या गेल्या. ‘काँट्रा: हार्ड कोअर’ जपानात तीन फटके सहन करायची, तीच गेम अमेरिकेत एका फटक्यात मेली. मग जाड जाड गाइडबुकांचा जमाना आला, आणि 2000 सालच्या ‘फायनल फँटसी 9’च्या अधिकृत गाइडने तर पैसे देऊन पुस्तक घेतलेल्या माणसाला उरलेली माहिती आमच्या वेबसाइटवर बघा म्हणून परत पाठवलं. म्हणजे या सवयीची मुळं कलेत कमी आणि गल्ल्यात जास्त आहेत. नाण्याचं मशिन गेलं, भाड्याचं दुकान गेलं, गाइडबुकं गेली, सवय मात्र राहिली, आणि आता तिला ‘लेखकाची दृष्टी’ असं भारदस्त नाव मिळालंय. लेखकाचा हक्क मला मान्य आहे, त्याने काय बनवावं हे मी कोण सांगणार. पण एखादी प्रथा कुठून आली हे बघितल्यावर ती पवित्र वाटेनाशी होते, एवढंच.

आपल्याकडचं एक उदाहरण मला या बाबतीत नेहमी आठवतं. महानुभावांचं. तेराव्या शतकात केशोबासांना संस्कृतात लिहायचं होतं तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवलं, असं केलंस तर माझ्या म्हाताऱ्या नागवल्या जातील म्हणाले. चक्रधरांचं बोलणं ज्या साध्या बायाबापड्यांनी ऐकलं त्यांच्यापर्यंतच ते पोचलं पाहिजे, त्यांच्या भाषेत. मराठी गद्य जे बहरलं त्यामागे हा आग्रह होता. आणि पुढे त्याच पंथाने स्वतःचे ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद केले. कारणं होती, काळ वाईट होता, ग्रंथ भलत्यांच्या हाती पडू नयेत, पाठ बिघडू नये, त्यांना दोष देणं मला जमणार नाही. पण परिणाम काय झाला? लीळाचरित्रासारखा ग्रंथ शतकानुशतकं बाहेरच्या मराठी माणसाला अस्तित्वातच नसल्यासारखा, पंथाबद्दल नाही नाही ते समज, आणि विसाव्या शतकात राजवाड्यांसारख्या संशोधकांनी लिपी उलगडली तेव्हा कुठे आपल्याला कळलं की आपल्या भाषेत इतकं जुनं, इतकं जिवंत गद्य होतं. किल्ली ज्यांच्याकडे होती त्यांची निष्ठा वाढली असेल, पण ज्यांच्यासाठी मुळात मराठी निवडली होती त्यातले किती जण दाराबाहेर राहिले? गेमवाल्यांना तर तो नाइलाजही नाही. त्यांचे ग्रंथ कुणी जाळायला येत नाहीये.

तिसरा मुद्दा, जो सगळ्यात जास्त फेकला जातो, तो असा की अरे यूट्यूबवर बघ ना, कुणी अडवलंय. याचं मी सरळ उत्तर देतो. व्हिडिओत बघून तेच समाधान मिळत असेल तर कष्टाने अर्थ येतो हा तुमचा आधीचा मुद्दा गेला, मग ते कष्ट होते कशाला? आणि तेच समाधान मिळत नसेल तर मला ‘व्हिडिओ बघ’ म्हणणं म्हणजे तू उपाशीच राहा म्हणण्यासारखं झालं. दोन्हीतलं एक काहीतरी ठरवा. शिवाय बघायला जाताना काय होतं ते सगळ्यांना माहिती आहे, शोधायला नाव टाकलं की पहिल्याच थंबनेलवर शेवटच्या बॉसचा चेहरा, लाल बाण, आणि उरलीसुरली उत्सुकता तिथेच मेली.

राहता राहिला मुद्दा बक्षिसाचा. जे हाडाचे खेळाडू आहेत त्यांना एवढं करून काहीतरी भारी मिळायला नको का, नुसता बिल्ला देऊन वाटेला लावायचं का? मला वाटतं यात हाडाच्या खेळाडूंचाच अपमान आहे. ‘सेलेस्ट’ बघा, 2018 ची. मॅडलिन नावाची मुलगी डोंगर चढते, तिच्या आत जी भीती आहे तिच्याशी तिचं नातं कसं बदलतं ही गोष्ट, आणि ती संपूर्ण गोष्ट मुख्य चढणीवर आहे. चढण सोपी नाही, पण ज्याला अजिबातच जमत नाही त्याच्यासाठी असिस्ट मोड आहे, वेग कमी करा, जास्त डॅश घ्या, कुणी हिणवत नाही. आणि मग बी-साइड, सी-साइड, म्हणजे त्याच अध्यायांच्या आणखी अवघड आवृत्त्या, आणि त्याहून वर सोनेरी स्ट्रॉबेऱ्या, म्हणजे अख्खा अध्याय एकदाही न मरता पार करायचा. त्याचं बक्षीस काय, तर स्ट्रॉबेरी. बाकी साध्या स्ट्रॉबेऱ्या जितक्या जास्त आणाल तितका शेवटी बनणारा स्ट्रॉबेरी-पाय (केकसारखा खाऊ) जास्त चांगला दिसतो, बस. तरी लोक रात्र रात्र जागून त्या सोनेरी स्ट्रॉबेऱ्या घेतात! डार्क सोल्स एकही फटका न खाता संपवणाऱ्यांना फ्रॉम सॉफ्टवेअरने कुठला जास्तीचा सीन दिला? काही नाही. ज्याला आव्हान हवंय तो आव्हानासाठी येतो, त्याला गोष्टीचं आमिष लागत नाही. ते आमिष लागतं ते नेमकं ज्याला आव्हान नकोय त्याला, आणि त्यालाच त्यासाठी फरफटत नेलं जातं.

आणि गोष्ट आणि कष्ट यांची सांगड घालायचीच असेल तर ती कशी घालावी हेही करून दाखवलेलं आहे. 2020 च्या ‘हेडीज’मध्ये तुम्ही मरता तेव्हा गोष्ट पुढे सरकते. मेलात की घरी, बाप टोमणा मारतो, निक्स काहीतरी सांगते, अकिलिस विचारपूस करतो, हरणाऱ्यालाच जास्त ऐकायला मिळतं, आणि फारच अडलं तर गॉड मोड आहे, 20 टक्के संरक्षणापासून सुरुवात आणि प्रत्येक मरणाला 2 टक्क्यांनी वाढत 80 पर्यंत. गेम-दिग्दर्शक योको तारोचं उदाहरण मला त्याहून बोलकं वाटतं. त्याच्या 2010 च्या ‘निअर’मध्ये शेवटचे शेवट बघायला सगळी शस्त्रं जमवावी लागायची, आणि त्यातली काही मिळवताना लोकांचा जीव मेटाकुटीला आला. 2017 च्या ‘निअर: ऑटोमाटा’मध्ये त्याच माणसाने ती अट काढून टाकली. ए पासून ई पर्यंतचे मुख्य शेवट, खेळत राहा, येत जातात. आणि त्या ई शेवटात क्रेडिट्सच तुमच्यावर गोळ्या झाडतात, एकट्याने निभावणं जवळपास अशक्य, पण तुम्ही हरत राहिलात की दुसऱ्या खेळाडूंची मदत येते, असे खेळाडू ज्यांनी आपापला सगळा सेव्ह पुसून टाकायची किंमत मोजून ती मदत मागे ठेवलीय. आव्हान आहे, प्रचंड आहे, पण कुणाला बाहेर ठेवायला नाही, आत ओढून घ्यायला आहे.

तर मागणी काय आहे माझी? सिल्कसाँगला इझी मोड द्या ही नाही, विश काढून टाका ही तर मुळीच नाही. टीम चेरी ही तीन-चार माणसांची टीम, बॉस नरम करायचा पॅच त्यांनी काही दिवसांत काढला, तर हेही फार मोठं काम नाही. तिसऱ्या अंकाकडे जाणारी वाट मुख्य वाटेत आणा, हवी तेवढी कठीण करा. तेही नको असेल, रचनाच बिघडते म्हणत असाल, तर किमान एवढं करा की दुसऱ्या अंकाचे क्रेडिट्स संपल्यावर एक पाटी दाखवा की अजून गोष्ट बाकी आहे, आणि ती कुठून सुरू होते. ऑटोमाटात पहिला शेवट झाला की चक्क स्क्वेअर एनिक्सच्या प्रसिद्धी विभागाकडून निरोप येतो की खेळणं थांबवू नका, पुढे बरंच आहे. गोष्टीच्या मध्येच असा निरोप जरा विचित्र दिसतो, पण त्यामुळे किती लोक ‘संपली’ म्हणून कन्सोल बंद करायचे थांबले असतील याचा विचार करा. ज्याला पुढे जायचं नाही तो तेव्हाही थांबेल. पण तो जाणूनबुजून थांबेल.